दम

डंडीच्या तरणतलावात सकाळी साडेसहाला
बाहेर टे नदीवर अजून काळोख,
आणि मी, वय एकावन्न, सर्वांत संथ रांगेत
पंचवीस मीटर व्हायच्या आधीच दोरीला लोंबकळतेय.
शेजारून एक म्हातारा उताणा पोहत जातो,
छताशी गप्पा मारत असल्यासारखा.

एल्स्पेथ काठावर उकिडवी बसते. वय एकाहत्तर,
गुडघ्याला निळी पट्टी, हातात चहाचा थर्मास.
"तुला हवा कमी पडत नाहीये," ती म्हणते,
"तुझ्याकडं जास्त झालीय. शिळी.
ती आत डांबलीस, तर ताजी शिरणार कुठून?"

मला हसू येतं, नाकातोंडात पाणी असतानाच,
कारण दिवसभर मी हेच सांगते:
इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
नाकाला चिमटा लावलेल्या माणसांना नळीत फुंकायला लावते.
सोडा, सोडा, अजून, अजून, थांबू नका,
पडद्यावरची रेघ आडवी होईपर्यंत.
तागाच्या गिरणीत उमेद घालवलेल्या बायका
लालबुंद होऊन माझ्याकडं बघतात.
मी त्यांच्यावर प्रेमानं ओरडते.

स्वतःवर ओरडायला कुणी शिकवलं नव्हतं.
निकाल लागेपर्यंत दम धर.
व्हिसा येईपर्यंत धर.
बाबा गेले त्या रात्री धावपट्टीवर बर्फ साचलं होतं,
तेव्हाही फोनवर सगळे: दम धर गं.
धरला.
तो कधीतरी सोडायचाही असतो
हे पाण्यात तोंड घातल्यावर कळलं.

मळ्यातल्या विहिरीत आम्ही डोकं वर ठेवूनच पोहायचो,
पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, मान बदकासारखी ताठ.
काका वरून ओरडायचा, पाय मार, पाय मार!
श्वासाबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही.
विहीर केवढी, दहा हात. तेवढ्यात श्वास लागतोच कुणाला.

"मान उचलू नकोस, उचललीस की पाय बुडतात.
झोपेत कूस बदलतेस तशी वळ.
एक डोळा पाण्यातच राहू दे."
आणि मग तिनं ते सांगितलं
ज्यावर माझा दोन महिने विश्वास बसला नाही:
डोकं पुढं सरकतं तेव्हा
गालापाशी पाण्याला खळगा पडतो,
आणि तिथं, पाण्याच्या पातळीच्याही खाली,
हवा असते. घोटभर. तुझ्यापुरती.

त्या खळग्यात मी नोव्हेंबरभर क्लोरीन प्यायले.

मग पाढा सापडला. दर तिसऱ्या हाताला श्वास,
एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, मधे नुसते बुडबुडे.
तीन एके तीन. खिडकी.
तीन दुणे सहा. भिंतीवरचं घड्याळ.
तीन त्रिक नऊ. खिडकी, आता जरा उजळलेली.
आधी तीन दाहे तीस झाले तरी भिंत यायची नाही.
मग घाई सोडली, हात लांबवला,
आणि एके दिवशी
तीन साते एकवीसलाच बोटं टाइलला लागली.
मला वाटलं, मोजण्यात चुकले.

मार्चमध्ये यादीत तिचं नाव दिसलं, सव्वादोनची वेळ.
ती पोहायच्या पिशवीसकट आली.
नाकाला चिमटा मीच लावला.
"सोडा, सोडा, एल्स्पेथ, अजून, अजून,"
आणि रेघ लवकर टेकली.
फार लवकर.
काठावरून उठताना ती माझ्या खांद्याचा आधार का घ्यायची,
ते तेव्हा लक्षात आलं.
"किती?" तिनं विचारलं. मी पडदा तिच्याकडं वळवला.
बराच वेळ बघून म्हणाली,
"हं. म्हणजे अर्ध्या रांगेतच दोरी धरली म्हणायची."

गुरुवारी ती नेहमीच्या जागी होती,
या वेळी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.
आम्ही त्याबद्दल बोललो नाही.
मी सोळा फेऱ्या मारल्या, न थांबता,
दर खिडकीला तिचे पाय दिसत राहिले.
थांबले ती दमले म्हणून नाही,
तिचा चहा संपला होता.